लंघन म्हणजे पाणी बंद नव्हे

मंडळी, या ग्रुपवर तुमच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणारा मी, आज एका शब्दापायी मंचरच्या दवाखान्यात बसून आलोय.

पेठला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, परवा रक्ताची हगवण लागली. फोनवर मी ऐटीत सांगितलं, "लंघन करा." मला म्हणायचं होतं जेवण बंद. दाजींनी पाणीही बंद केलं.

"तुमी शिकलेलं, पावणं. दोन दिस थेंब दिला न्हाई. लई मागत व्हती वो." दाजींच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच जास्त लागलं.

डॉक्टर म्हणाले, जंतूंच्या विषाने आतड्याचं अस्तर सोललं, आणि जंतूंना मारायला धावलेल्या तिच्याच पांढऱ्या पेशींनी उरलंसुरलं जाळलं. ते अस्तर भरून येतं म्हणे. पण पाण्यावाचून मूत्रपिंडं बंद पडलीत.

म्हणजे मदतीला धावून घर जाळणाऱ्यांत मीही आलो.

सलाईन चालू आहे. अक्का मला ओळखत नाही. संस्कृतात लंघन म्हणजे ओलांडणं. ती काय ओलांडते, ते बघत बसलो होतो.

तुम्हीही कुणाला लंघन सांगितलं असेल, तर आत्ताच फोन करून "पाणी द्या" एवढं साध्या मराठीत सांगाल?