एकवीस तपकिरी पिल्लं

मागच्या उन्हाळ्यात, नोव्हाय गावातल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये, आम्ही पाळलेली बोआ सापाची मादी व्यायली. एकवीस पिल्लं झाली आणि एकवीसच्या एकवीस तपकिरी. आई पिवळीधमक, बाप पिवळाधमक, दोघांचे डोळे लाल. पिल्लंही पिवळीच होणार, असं मी चार वर्षं धरून चाललो होतो.

हा उद्योग लेकीसाठी मांडला होता. तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि माझ्याशी ‘ओके’च्या पलीकडे बोलत नव्हती. तिला साप आवडायचे. एक पिवळी मादी वाढवायची, जोडी लावायची, पिवळी पिल्लं बघायची, असं आमचं ठरलं. आता ऑगस्टमध्ये ती कॉलेजला जाणार होती. त्याआधी एक तरी पिवळं पिल्लू तिच्या हातावर ठेवायचं, एवढंच मला हवं होतं.

खरं सांगतो, मी कंटाळलो होतो. सापांचे टब घासून पाठ जायची. शनिवारी सापांच्या खाण्यासाठी फ्रीजरमधले उंदीर कोमट पाण्यात टाकायचे आणि ते मऊ होईपर्यंत अर्धा तास दोघांनी जिन्याच्या पायरीवर बसून राहायचं. मी थंडीच्या नावाने बोटं मोडायचो, ती शाळेतलं काहीबाही सांगायची. दर हिवाळ्यात मी म्हणायचो, पुरे आता.

पिल्लं तपकिरी का झाली, ते तिनेच सांगितलं. या पिवळ्या रंगाचे दोन वेगळे वंश असतात. नर आणि मादी एकाच वंशातले असले तरच पिल्लं पिवळी होतात, नाहीतर रंग आत दडून राहतो. नर घेताना विकणाऱ्याने आमच्या मादीच्याच वंशातला पुढे केला होता. मी तो नाकारला. आमच्याकडे स्थळ आलं की आई आधी गोत्र विचारायची आणि सगोत्र निघालं की बोलणी तिथेच संपायची. सापाच्या बाबतीतही मी परकं घराणं निवडलं आणि वर स्वतःवर खूश झालो. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

‘तुला हे कधी कळलं?’ मी विचारलं.

‘टेन्थ ग्रेडमध्ये. यू हॅड जस्ट बॉट द मेल स्नेक.’

‘मग सांगायचं नाही का?’ मला रागच आला. ‘दोन वर्षं फुकट गेली.’

ती एक पिल्लू ओल्या रुमालाने पुसत होती. ‘बाबा, तू तेव्हाच बंद करायचं म्हणत होतास. सांगितलं असतं तर सगळं विकून टाकलं असतंस. मग सॅटर्डेला आपण काय केलं असतं?’

राग कुठल्या कुठे गेला आणि फार वाईट वाटलं.

ऑगस्टमध्ये ती गेली. एकोणीस पिल्लं मी मागेल त्याला देऊन टाकली, एक नर आणि एक मादी ठेवली. त्यांची पिल्लं काही पिवळी निघतील म्हणे, पण त्याला अजून चार वर्षं आहेत. शनिवारी मी उंदीर कोमट पाण्यात टाकतो आणि अर्धा तास पायरीवर एकटाच बसतो.