रुसलेला फिल्टर

रुसवेमामांच्या तोंडून 'जाम झालं' हा शब्द कोणी कधी ऐकला नव्हता. डोणगावच्या फाट्यावर कडुनिंबाखाली, टिनाच्या छपरीत त्यांचं गॅरेज होतं. नट फिरेना, चाक सुटेना, की मामा मागे सरकत, चिंधीला हात पुसत आणि म्हणत, "रुसला बाप्पा." मग पुढचं ठरलेलं वाक्य येई, "रुसलेल्याले जोर नाही लावाचा. त्याच्या मनानं येऊ द्याचं." हे वाक्य त्यांच्या वडिलांचं. ते बैलगाड्यांची चाकं बसवत. मामांचं खरं आडनाव निम्म्या ड्रायव्हरांना माहीत नव्हतं आणि कोणाचं त्यावाचून अडतही नव्हतं.

मांडवात अडून बसलेल्या जावयाची ठेवावी तशी ते नटाची बडदास्त ठेवत. आट्यांत राकेल सोडायचं, गरम पाण्यात बुडवलेलं गोणपाट गुंडाळायचं आणि चहा मागवायचा. आम्हा ड्रायव्हरांना कुठला एवढा धीर! गाडीत वांगी सुकत असायची. मी एकदा म्हणालो, "मामा, हाना ना एक हातोडा!" तर म्हणाले, "बायको रुसली तं हातोडाच आनतं काय बे?" सगळे हसले. चहा संपता संपता नट कुरकुरला आणि फिरला. मामांनी त्याला बोटानं थोपटलं. त्यांच्याकडे मोडलेला नट मी पाहिलाच नाही, हे मात्र खरं.

मामा मूळचे सोनाळ्याचे. थोरला भाऊ, दादा, तिकडे शेती बघायचा. दोघांत वर्षानुवर्षं अबोला होता. कारण सांगितलं तर हसू येईल. दादाच्या मुलीच्या लग्नाचं आवतन घेऊन दादा स्वतः आला नाही, न्हाव्याला पाठवलं. "सख्ख्या भावाले आवतन न्हाव्याच्या हातानं?" मामा अजून विचारत, जणू न्हावी नुकताच उठून गेला आहे. ते लग्नाला गेले नाहीत. तिकडे दादाचं म्हणणं, सख्ख्या भावाला कसलं आवतन, त्यानं तर आधी येऊन मांडव घालायचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, त्यामुळे कोणीच हललं नाही. मी कधी विषय काढला की मामा म्हणत, "येईन थो. त्याच्या मनानं येऊ दे."

माझा ट्रक लष्कराच्या लिलावातला. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, नंबराच्या पाटीवर अजून जुन्या राज्याची अक्षरं होती. त्याच्या गिअरबॉक्सला तेल गाळायचा फिल्टर होता, डब्यासारखा, आट्यांवर बसवलेला. तो बदलायचा म्हणून एका सकाळी मी गाडी मामांच्या छपरीत लावली. त्यांनी तेल काढलं, फिल्टर जेमतेम हलवला आणि तो तिथेच अडला. धड निघेना, धड माघारी बसेना. "रुसला," मामा म्हणाले आणि त्यांनी पाणी तापत ठेवलं.

तेवढ्यात जालन्याकडे निघालेली संत्र्यांची गाडी फाट्यावर थांबली. तिच्यावरून सोनाळ्याचा एक माणूस उतरला. उभ्याउभ्याच म्हणाला, "दादाचं काई खरं नाही. दोन दिसापासून पानीबी घेऊन नाही राह्यला. जीव अडकला हाये त्याचा. तुह्यात अडकला म्हनते वैनी. चाल."

मामांनी रस्त्याकडे पाहिलं. सोनाळ्याकडे नेणारी मेहकरची एसटी निघून गेली होती. आता गाडी म्हणजे माझा ट्रक, आणि त्याच्या पोटात तेलाचा थेंब नव्हता.

गोणपाटातून वाफ निघत होती. मामा थोडा वेळ तिच्याकडे बघत बसले. मग उठले, छपरीच्या कोपऱ्यातून मोठा पेचकस आणि हातोडा घेतला आणि ट्रकखाली शिरले. पहिला घाव ऐकून समोरचा चहावाला बाहेर आला. त्यानं मामांना हातोडा चालवताना कधी पाहिलं नव्हतं. पेचकस फिल्टरच्या आरपार घालून मामांनी पिळा दिला. पत्रा फाटला. डबा हातात आला आणि बूड आट्यांवर तसंच राहिलं.

मामांनी छिन्नी घेतली आणि त्या बुडाच्या कडेवर टोले घालत राहिले. बोटं सोलली, राकेल आणि रक्त एक झालं. मी "मामा, मी मारतो" म्हणालो, ते त्यांना ऐकू गेलं नाही. बूड सुटलं तेव्हा ऊन डोक्यावरून कललं होतं. नवा फिल्टर बसवला, तेल भरलं, निघालो.

वाटेत मी गाडी जिवाच्या आकांतानं हाकत होतो, पण मला आत काहीच वाटत नव्हतं. काळजीही नाही. मामा मांडीवर सोललेले हात घेऊन बसले होते, ते जणू दुसऱ्या कोणाचे होते.

सोनाळ्याला पोचलो तर दिवेलागण झाली होती आणि अंगणात माणसं बसली होती. त्यावरूनच कळलं. दादा नुकताच गेला होता. मामा आत गेले आणि त्यांनी भावाच्या पायावर हात ठेवला. गोणपाटाखाली लोखंड तापलं का बघायला ठेवत, तसाच. पाय अजून कोमट होता. ते हात काढेनात.

वहिनी भिंतीशी बसली होती. म्हणाली, "मी किती डाव म्हनलं, जाऊन घेऊन या भाऊजीले. तं म्हने, रुसलेल्याले जोर नाही लावाचा. येईन त्याच्या मनानं."

मामा म्हणाले, "मीबी तेच म्हनून राह्यलो होतो, वैनी."

ते रडले नाहीत. घरात बायका रडत होत्या, त्यांचा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटत होता. तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही परतलो. डोणगाव आलं तेव्हा मामांनी स्वतः छपरीचं कुलूप काढलं आणि फाटलेला फिल्टर उचलून भंगारात टाकला.

पुढे केव्हातरी माझ्या गाडीच्या मागच्या चाकाचा नट अडला. मी सवयीनं चुलीवर पाणी ठेवलं, गोणपाट शोधलं आणि म्हणालो, "रुसला वाटते, मामा."

"जाम झाला," मामा म्हणाले. "लोखंड काई रुसत नसते, ड्रायवर. हातोडा दे."

मी हातोडा दिला.