ढोरचोर

आमच्या गावात ‘ढोरचोर’ ही लाडाची शिवी आहे. उन्हातान्हात भटकून आलेल्या पोराला आई विचारते, “कुठी होता रे ढोरचोरा?” आणि पुढ्यात भाकर ठेवते. मालेगावच्या बाजारात दोन जुने दोस्त भेटले तरी हीच हाक. ज्याची गाय खरंच चोरीला गेली, तो मात्र हा शब्द तोंडातून काढत नाही. नुसता ‘नेली’ म्हणतो. आणि सकाळी गावची गुरं जिथे जमतात त्या आखरावर तर तो थट्टेतही कोणी उच्चारत नाही. तिथे ढोरकी उभा असतो. अख्खं गाव आपली जनावरं नुसत्या विश्वासावर त्याच्या हवाली करतं.

मी तो तिथेच उच्चारला.

आदल्या संध्याकाळी माझी कालवड कळपाबरोबर परतली नव्हती. माझं डोकं तसंही लवकर तापतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. “कोन्या बाजारात इकली रे ढोरचोरा?” पंधरावीस माणसं ऐकत होती. ढोरकी गुरं हाकत गायरानाकडे निघून गेला.

दुपारी कालवड शेजारच्या गावच्या कोंडवाड्यात सापडली. कोणाच्या तरी हरभऱ्यात शिरली होती. मी तिला सोडवून मागच्या गल्लीने घरी आणलं. आखरावर जाऊन चार लोकांत सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत मी माझी लाज जपली आणि त्याची घालवली. माझी जनावरं तिकडे पाठवणंही बंद केलं. माझं पाहून एकेकाने आपापली गुरं काढून घेतली. आता तो लोकांच्या शेतात मजुरीला जातो.

परवा शेतावर गेलो, तर तो बांधावर उभा. तीच कालवड, आता गाय झालेली, दावं तोडून शेजाऱ्याच्या तुरीकडे निघाली होती. तो दोन्ही हात पसरून तिला अडवत होता. तुटकं दावं त्याच्या पायाशी लोळत होतं.

“धरली काहून नाई?” मी विचारलं.

“तुमचं जनावर आहे, भाऊ. माह्या हातात दावं कोनी पाह्यलं तं?”

बांधावर आम्ही दोघंच होतो. माफी मागायला याहून सोपी जागा मला मिळणार नव्हती. मी दावं उचललं आणि म्हणालो, “बरं केलं.”