नागनाथरावांचं इंजिन

माझा नवरा हट्टापायी गेला.

आज वर्ष झालं. माझा राग अजून गेला नाही.

नागनाथराव अहमदपूरच्या शाळेत गणित शिकवायचे. रिटायर झाले आणि शेडमधली वडिलांची जुनी अ‍ॅम्बेसेडर बाहेर काढली. सासरे तिच्यावर लातूर-नांदेड टॅक्सी चालवायचे.

"इंजिन मी स्वतः बांधणार."

बांधलं. मोबाईलवर व्हिडिओ बघून. पिस्टन, रिंगा, सगळं नवीन.

सुरू व्हायचं, दोन मिनिटं खोकायचं, बंद.

मग परत हेड, म्हणजे इंजिनचं वरचं जड झाकण, उघडायचं. व्हॉल्व्ह घासायचे. परत बसवायचं. परत तेच.

तीन वर्षं! माझ्या पातेल्यात डिझेल, माझ्या टॉवेलला ग्रीस. पाहुणे आले की मी शेडचं दार लावून घ्यायचे.

"अहो, नांदेडच्या युनूसभाई मेकॅनिकना एकदा दाखवा ना."

"बाहेरचा हात कशाला? मी करून राहिलो ना."

मध्येच अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी बजावलं, वजन उचलायचं नाही. हे म्हणाले, "हाव, नाही उचलत."

त्या दिवशी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. एक हाक मारली असती तर खाली आले असते.

नाही मारली. हेड एकट्यानेच उचललं.

मी खाली आले तेव्हा हेड पोत्यावर नीट ठेवलेलं होतं. एक ओरखडा नाही.

शेजारी हे पडलेले.

लोखंडाला जपलं या माणसानं!

गेल्या महिन्यात युनूसभाईंना मीच बोलावलं. गाडी विकायची म्हणून. त्यांनी हेड बसवलं, इंजिनचं पुढचं कव्हर काढलं, बराच वेळ बघत राहिले.

"भाभी, सरांनी काम लई साफ केलंय. फक्त टायमिंग चेन एक दात सरकून बसलीय. हेड कितीबी येळा उघडा, ते वरून दिसणार न्हाई."

"किती वेळाचं काम?"

"दोन-तीन घंटे."

मी शेडबाहेर येऊन ओरडले. खरंच ओरडले. शेजारीण धावत आली.

दुपारी इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. युनूसभाईंनी गिऱ्हाईकाचं विचारलं. मी नको म्हणाले.

आज लेकीनं गाडी चालवली. चाकूरपर्यंत गेलो. वाटभर मी ह्यांना बोलत होते, तोंडाला येईल ते.

चाकूरला तिनं गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं.

तेव्हा रडले. वर्षभरात पहिल्यांदा.

नागनाथराव, नमस्कार करते.