जहाजानं कळवलेलं वादळ

थोरला भाऊ मालवाहू जहाजावर वायरलेसच्या कामाला लागला, तेव्हा आमच्या घरात समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. वडील अकोल्यातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, मी शिक्षिका होण्यासाठी शिकत होते. पहिल्या सुट्टीत भावानं रेडिओ आणून आईपुढे ठेवला. "माय, मी नसलो का हा बोलत जाईन तुह्याशी."

साठ सालानंतरची गोष्ट. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी बातम्यांत सांगितलं, बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ तयार झालंय. भाऊ कलकत्त्याहून मद्रासला निघाला होता, एवढं आम्हाला ठाऊक होतं. मी धावत जाऊन मामाला घेऊन आले. मामा गावच्या वेधशाळेत नोकरीला होता.

त्यानं माझा शाळेतला नकाशा जमिनीवर पसरला आणि रेडिओनं सांगितलेल्या जागी पेन्सिलीनं टिंब काढलं. "या दिवसातली लई वादळं उत्तरेकडे वळतात. हे बी वळन. वळलं का पोरगं सुटलं समज."

सकाळी कळलं, वादळाचा जोर वाढलाय आणि ते पश्चिमेला सरकतंय. मामानं दुसरं टिंब काढलं. दोन्ही टिंबं जोडून रेघ पुढे ओढली, तर ती मद्रासच्या वाटेला आडवी जात होती.

"वळलं नाई?" आईनं विचारलं.

"अजून वळू शकते."

त्याचा आवाज कालच्यासारखा नव्हता. मी विचारलं, जोर वाढला हे रेडिओवाल्यांना कळतं कसं?

"आमी इथं हवेचा दाब मोजाचा पारा पाहतो अन् तारेनं कळवतो. गावोगावचे आकडे नकाशावर मांडले का वारं कसं फिरून राहिलं ते दिसते. पण समुद्रात कोन बसलं पारा पाहाले? जहाजं कळवतात तेवढंच. अन् इशारा भेटला का जहाजं दूर पळतात. मंग मधात काय चालू हाये, ते अंदाजानंच सांगा लागते."

वडील दुपारी कधी घरी येत नसत. त्या दिवशी आले. केसांत कापसाचे तंतू, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "काई?" मी नकारार्थी मान हलवली. ते पाणीही न पिता परत गेले.

संध्याकाळच्या बातम्यांत निवेदक म्हणाला, वादळाच्या मध्याजवळ असलेल्या एका जहाजाकडून आलेल्या माहितीनुसार वादळ अत्यंत तीव्र झालंय. मामाची पेन्सिल हातातच राहिली.

"कोन्या जहाजानं?" आई म्हणाली.

"नाव नाई सांगत, बाई."

"अन् जहाजावरून हे कळवते कोन?"

उत्तर आम्हा तिघांनाही माहीत होतं. माझे हात इतके गार पडले, की मी ते चुलीपाशी धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मी मामाबरोबर वेधशाळेत गेले. बाहेर लख्ख ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही. पारा रोजच्या जागी होता. मी तरी त्याच्याकडे पाहतच राहिले. "इथं नाई दिसणार, पोरी," मामा हळूच म्हणाला. घरी आई बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून त्रिसरण म्हणायला बसली होती. मध्येच अडखळायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

वादळ वळलं नाही. ते किनाऱ्यावर आदळलं, आणि एकदोन दिवसांत रेडिओ दुसऱ्याच बातम्या सांगू लागला. तेव्हा भीती आणखी वाढली. वादळ होतं तोवर कुणीतरी त्याच्याबद्दल बोलत तरी होतं.

मग तारवाला आला. आमच्याकडे तार म्हणजे मरणाचीच बातमी. आईनं मला मागे ओढलं. "घेऊ नको. वापस पाठव त्याले." मी सही केली, तार उघडली. भाऊ सुखरूप होता. आईला खरं वाटेना. तिनं ती माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली, मग तारवाल्यालाही वाचायला लावली.

थंडी सरता सरता भाऊ घरी आला. जेवताना सांगू लागला, "बाजूची खोली पाण्यानं भरली होती, मी खुर्चीले सोताले बांधून घेतलं. घंट्याघंट्याले पारा कळवत होतो. मी किनाऱ्यावाल्याईले इचारत होतो, वादळ कुठं चाललं? अन् ते मलेच इचारत होते, तुमच्याकडं वारं कोनीकडून हाये?"

तो हसला. आम्ही कुणी हसलो नाही.

शेजारणी म्हणाल्या, पेढे वाटा. आई तयार होईना. किनाऱ्यावरच्या गावांत किती माणसं गेली, ते मीच तिला पेपरातून वाचून दाखवलं होतं. "त्याईच्या घरी तार घेऊन कोन गेलं असन?" एवढंच ती म्हणाली आणि भावाच्या ताटात भाजी वाढू लागली.