मालतीबाईंची विराणी

लखनला मुलगी झाली तेव्हा नाव कोण ठेवणार हा प्रश्नच नव्हता. मालतीबाई त्याची थोरली बहीण, म्हणजे बाळाची एकुलती एक आत्या. नवागामच्या दोन खोल्यांत त्या भावाकडेच राहायच्या आणि साड्यांवर खडे चिकटवायचं काम घरी आणायच्या. नाव सुचवलं मात्र बाळाच्या आईने, जयश्रीने. "ताई, विराणी ठेवू या."

मालतीबाईंना ते फार आवडलं. काम करता करता त्या तोंडातल्या तोंडात घोळवायच्या. विराणी. ओंजळीतून हळूच पाणी सोडावं तसं. शेजारच्या गुजराती सरलाबेन हसल्या, "अरे, आ तो हीरावाळानी अटक! कतारगाममां केटलाय विराणी छे!" असेना का आडनाव, हिरेवाल्यांचं तर आहे, म्हणून मालतीबाई उलट खूशच झाल्या.

बारशाचं आमंत्रण द्यायला त्या आनंदा मास्तरांकडे गेल्या. मास्तर मराठी शाळेतून निवृत्त झालेले. नाव ऐकून ते म्हणाले,

"गोड आहे. पण अर्थ ठाऊक आहे ना? विराणी म्हणजे विरहाचं गाणं. आपलं माणूस दूर गेलं की बाई गाते ते."

मालतीबाई चहा अर्धा टाकून उठल्या. त्यांचा नवरा निंबा कापडाच्या लूमवर कामाला होता. पगार जास्त मिळतो म्हणून भिवंडीला गेला. आधी दर रविवारी फोन यायचा, मग सणावारी, मग नंबरच बंद झाला. तिकडे त्याने दुसरा संसार मांडलाय, असं कोणीतरी सांगितलं. मालतीबाई शोधायला गेल्या नाहीत, आणि गळ्यातली पोतही त्यांनी काढली नाही.

घरी येऊन त्यांनी जयश्रीला गाठलं. "हाई नाव नको, माय. हाई तं मना नशीबनं नाव शे. पोरले कशाला?"

"माले माहीत शे, ताई."

नेटाने काही सांगायचं असलं की जयश्री घरची बोली सोडून शाळेतली मराठी बोलायची. तशीच आता बोलू लागली.

"सातव्या महिन्यापासून डॉक्टरने मला उठू दिलं नाही. लखन दिवसभर कामावर. मला किती भीती वाटायची! तुम्ही खडे घेऊन माझ्या खाटेजवळ बसायच्या आणि गुणगुणायच्या. ते ऐकत मी झोपायची. पोटात ही पण शांत व्हायची. ते गाणं दुःखाचं होतं, मला कळायचं. पण त्यानेच आम्ही दोघी तरलो."

आपण गुणगुणतो हे मालतीबाईंच्या गावीही नव्हतं. त्यांनी लुगड्याचा पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "घरात मी राणी म्हणीन. चालेल?"

"चालेल की."

बारशाला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मालतीबाई पाळण्यात वाकल्या, बाळाच्या कानाशी "कुर्रर्र" केलं आणि पुरं नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणे बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. त्या सरळ झाल्या तेव्हा डोळ्यांतून धारा लागलेल्या. सरलाबेनना वाटलं, जोरात लागलं. त्या बिचाऱ्या, बायकांना दटावत, मालतीबाईंची पाठ चोळत राहिल्या.