चाकांवरच्या सुमतीताई आणि ‘आदर्श माता’

गेल्या मंगळवारी दुपारी ठीक चार वाजता गौरव समितीचे कार्याध्यक्ष बाळासाहेब माझ्या साताऱ्याच्या घरी आले आणि सुमतीताईंच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी मी लिहिलेला लेख त्यांनी चहाच्या कपाशेजारी परत ठेवला. बाळासाहेब हे सुमतीताईंचे सख्खे पुतणे.

“बाई, लेख लय झ्याक हाय. फकस्त ते चाकांचं आन् सिनेमाचं तेवढं काढा. पावणेरावळे वाचत्यात.”

“मग उरतं काय, बाळासाहेब?”

“आवं, माता उरती की! पुस्तकाचं नावच ‘आदर्श माता’ ठेवलंय आमी.”

मी काहीही काढलेले नाही. तोच लेख, शेवटी थोडी भर घालून, समितीकडे पुन्हा पाठवत आहे.

सुमतीताईंची आणि माझी ओळख चाळीसच्या दशकातली, पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधली. त्या माझ्या तीन इयत्ता पुढे होत्या. शनिवारी मोठ्या हॉलमधली बाकं भिंतीला लावली जात आणि बुटांना लोखंडी चाकांचे स्केट पट्ट्यांनी आवळून आम्ही मुली लाकडी जमिनीवर धडपडत असू. सुमतीताई धडपडत नसत. एका पायावर, पाठमोऱ्या, त्या जमिनीवर इंग्रजी आठाचा आकडा काढत आणि शेवटी जागच्या जागी अशी गिरकी घेत की सिस्टर जपमाळ हातात धरून बघतच राहत. मी पहिल्याच दिवशी दात पाडून घेतला. त्यांनी मला उचलले, माझे तोंड धुतले आणि म्हणाल्या, “आधी रडून घे. मग परत उभी राहा.” मुंबईच्या स्पर्धेत त्या पहिल्या आल्या तेव्हा आम्हाला जराही नवल वाटले नाही.

पाचगणीत चित्रणासाठी आलेल्या एका सिनेमा कंपनीने त्यांना पाहिले आणि थेट नायिका केले. चाकांवरची अवघड गिरकी एखाद्या पुरुषाला लुगडे नेसवून करून घेऊ, असे दिग्दर्शकांनी सुचवले. सुमतीताई म्हणाल्या, “लुगडं माझं, तर पडायचंही मीच.” तो चित्रपट मी सांगलीच्या थिएटरात बायकांच्या बाजूला बसून पाहिला. शेजारच्या म्हातारीने माझा दंडच धरला.

“आगं बया, घसरती का उडती गं ही?”

“उडते, आजी.”

“मग पडंल की!”

त्या पडल्या नाहीत.

पुढे पलूसच्या बागायतदार घरातल्या लष्करी अधिकाऱ्याशी त्यांचे लग्न झाले आणि सिनेमा सुटला. नवऱ्याने सोडायला लावला नाही; सासूबाईंनी लावला. मूल झाले नाही. पन्नासचे दशक सरता सरता त्या घरात धाकट्या जावेच्या मुलाचे बारसे झाले, तेव्हा मी पाहुणी होते. सुमतीताई पाळण्याकडे निघाल्या तशा सासूबाई म्हणाल्या, “तू हिकडंच थांब. पुऱ्या लाट.” पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्यांनी बाळाचे नाव ऐकले. ते बाळ म्हणजे आजचे कार्याध्यक्ष.

सुमतीताई कडवट झाल्या नाहीत. ते काम मी त्यांच्या वतीने करते. त्यांनी गावातल्या मुलींना सोसायटीच्या गोदामाच्या फरशीवर स्केटिंग शिकवले. एखादीचा गुडघा फुटला की तिच्या घरी स्वतः जाऊन तिच्या आईच्या शिव्या खाल्ल्या.

समितीने ठरवलेले नाव मी त्यांना फोनवर सांगितले. त्या म्हणाल्या, “मला बक्षीस स्केटिंगचं मिळालं होतं गं. तेवढं राहू दे म्हणावं. शाल नाही दिली तरी चालेल.”

सुमतीताईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे धड राहोत आणि नजरही तीक्ष्ण राहो, म्हणजे आपल्याविषयी काय छापले आहे ते त्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल.

लेख जसाच्या तसा छापला जाईल की नाही, हे समितीने येत्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवावे. ‘आदर्श माता’ हेच नाव ठेवायचे असेल, तर ज्यांना पाळण्यापाशीही येऊ दिले नाही त्या नेमक्या कोणाच्या माता, तेही लिहावे. खाली बाळासाहेबांची सही हवी.